बोटीचा बुश आणि मयेकरमामांची लुंगी

आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये सात रकाने आहेत. तारीख, नमुना, लोड, वेग, आधीचं वजन, नंतरचं वजन आणि सगळ्यात शेवटी, करंगळीएवढ्या रुंदीचा, शेरा. ज्याने कोणी हे रजिस्टर छापलं त्याची समजूत अशी असावी की लॅबमध्ये शेरा मारण्यासारखं फारसं काही घडतच नाही! बारा वर्षं झाली मला इथे. आकडे सगळे रजिस्टरमध्ये गेले. बाकीचं त्या रकान्यात मावलं नाही, म्हणून माझ्या डोक्यात साठत गेलं. आता एक सांगायला घेतलं की त्याचं शेपूट धरून दुसरं येतं.

आधी माणसं सांगते. आमची लॅब रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, एका इंजिनियरिंग कॉलेजात. काम ऐकायला अगदी साधं. काचेचा, काथ्याचा, कसलाही धागा रेझिनमध्ये बसवून जे कॉम्पोझिट तयार होतं, त्याची बोटभर पिन करायची. ती फिरत्या पोलादी डिस्कवर दाबून घासायची आणि किती झिजली ते वजन करून बघायचं. करणारी माणसं तीन. सुर्वेसर हे लॅबचे प्रमुख. मयेकरमामा हे लॅब अटेंडंट, जन्म सगळा बंदरावर गेलेला. आणि मी, अंजली. लांज्याहून रोज एसटीने येणारी, तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवणारी आणि उरलेल्या वेळात पीएचडी करणारी.

तिघांत एक गोष्ट सारखी. "नाही जमणार" असं कोणी म्हटलं की तिघांचीही मान एकदमच वर होते!

*

सुरुवात पाटीपासून झाली.

सरांनी पेंटरला फोनवर सांगितलं, "ट्रायबॉलॉजी लॅब, असं लिहा." घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. पेंटरने जे ऐकू आलं ते लिहिलं. 'ट्रायबल लॅब'!

आठवडाभर आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग एक दिवस एक गृहस्थ काखेत फाइल घेऊन दारात उभे. "जातपडताळणीचं काम इथंच होतं ना?"

मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "इथं फक्त पिनेची पडताळणी होते. तुमची पिन असेल तर द्या."

सर म्हणाले, आता मराठीतच लिहू, म्हणजे घोळ नको. नवी पाटी आली. 'घर्षण आणि झीज प्रयोगशाळा'. ती बघून प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः खाली आले.

"सुर्वे, अहो ॲडमिशनला पालक येतात. दारावर काय, तर झीज? काहीतरी पॉझिटिव्ह लिहा ना."

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर दातच काढलेला असतो. लाडू नाही काढत!"

पाटी आजही तीच आहे.

*

मशीन आमच्याकडे आलं ते दुसऱ्या एका कॉलेजने टाकून दिलेलं. सरांनी ते टेम्पोत घालून आणलं. सुरू केलं तर पिन धरून ठेवणारा चिमटाच तुटलेला. चिमटा नाही तर पिन हलणार, पिन हलली तर रीडिंग कशाचं?

कंपनीचा इंजिनियर आला. बूट काढायच्या आधीच त्याने निकाल दिला.

"हे मॉडेल बंद झालंय. पार्ट मिळत नाही. नवीन मशीन घ्या."

"पार्ट मिळत नाय," मामा म्हणाले, "पण होत असेल की!"

तो हसला. "काका, हे प्रिसिजनचं काम आहे. रत्नागिरीत नाही होणार."

झालं! मामांनी तो तुटका चिमटा रुमालात गुंडाळला आणि बंदराजवळच्या लेथवाल्याकडे नेला. हा माणूस आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने एक केला, मामांनी परत दिला. दुसरा केला, तोही परत. चौथ्या वेळी लेथवाला म्हणाला, "मयेकर, हे बोटीला लागत नाय आणि बोटीपेक्षा जास्त छळतंय!" पण पाचवा चिमटा असा बसला की पिन केसभरही हलेना.

दोन वर्षांनी तोच इंजिनियर नव्या मशीनचं माहितीपत्रक घेऊन पुन्हा आला. आमचं जुनं मशीन चालू. तो वाकला, चिमट्याकडे निरखून बघत राहिला.

"अरे वा! ओरिजिनल मिळाला वाटतं?"

"होय तर," मामा म्हणाले. "एकदम ओरिजिनल. याच्याआधी असा कोणी केलाच नव्हता!"

*

शलाका आमची एमईची विद्यार्थिनी. बारीक आवाजाची, कधी कोणाला उलट न बोलणारी. तिच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. गमत्या स्वभावाचे. म्हणजे त्यांना स्वतःला तसं वाटायचं.

त्यांनी विचारलं, "झिजेचे प्रकार सांगा. टू बॉडी, थ्री बॉडी."

शलाकाने नीट सांगितलं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात ते टू बॉडी. त्यांच्यामध्ये वाळूचा किंवा धातूचा सुटा कण आला की थ्री बॉडी.

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बघा, नवराबायको ही टू बॉडी. मध्ये सासू आली की थ्री बॉडी! हो की नाही? मऊ बिचारी बायको, ती झिजते!"

आणि स्वतःच मोठ्याने हसले. विभागातल्या दोन सहकाऱ्यांनीही हसून घेतलं. मी सरांकडे बघितलं. सर शलाकाकडे बघत होते.

शलाका हसली नाही. खाली बघून, त्याच बारीक आवाजात म्हणाली, "सर, इथं एक चूक होते. आलेला कण मऊ पृष्ठभागात रुतून बसतो. त्यामुळे पुष्कळदा मऊ वाचतो. आणि झिजतो तो समोरचा कडक."



परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वीसपैकी एकोणीस लिहिले. शलाका दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सर, एक कुठे झिजला?"

*

आता माझी फजिती.

पीएचडीसाठी मी काथ्या आणि रेझिनच्या पिना करत होते. घासताना वरून थेंबथेंब समुद्राचं पाणी सोडायचं, कारण मला हे बोटीसाठी वापरून बघायचं होतं. दिवस जुलैचे. लॅबच्या भिंतीला हात लावला तरी तळवा ओला व्हायचा. पहिली पिन घासली, पुसली, वजन केलं. वजन वाढलं होतं!

पुन्हा केलं. पुन्हा वाढलं. झिजवल्यावर वस्तूचं वजन वाढतं, असा शोध जगात मीच पहिला लावला होता!

कारण कळायला वेळ लागला नाही. काथ्या पाणी प्यायचा. जेवढं झिजत होतं त्यापेक्षा जास्त पाणी आत शिरत होतं. माझे गाइड दुसऱ्या शहरातले. ते फोनवर म्हणाले, "हे रीडिंग दाखवू नको. एसी लॅबमध्ये, कोरड्यात पुन्हा कर. कशाला स्वतःचं हसं करून घेतेस?"

दोन दिवस मी तेच आकडे परत परत तपासले. मग सरांना विचारलं. सर म्हणाले, "रीडिंग खरं आहे?"

"खरं आहे."

"मग लपवायचं काय त्यात?"

एका मोठ्या शहरात कॉन्फरन्स होती. गुळगुळीत फरशी, हॉल इतका गार की मी साडीचा पदर खांद्याभोवती लपेटून घेतला होता. मी वाढलेलं वजन पडद्यावर दाखवलं आणि मागच्या रांगेतून खुसखुस सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॅबमध्ये ह्युमिडिटी कंट्रोल नाही?"

"नाही, सर."

"एसी?"

"नाही, सर."

"मग या कामाचा उपयोग काय?"

गाइड पहिल्या रांगेतून मला खुणेने सांगत होते, सॉरी म्हण आणि बस. पण माझ्या तोंडातून जे निघालं ते असं, "सर, बोटीच्या तळाला एसी बसवला की मला कळवा. मी लगेच पुन्हा टेस्ट करते!"

पुढची दोन वर्षं गाइड मला फक्त ईमेलवर भेटले.

*

आता बुश. बोटीचा पंखा ज्या शाफ्टवर फिरतो, तो शाफ्ट बोटीच्या तळातून जिथे बाहेर निघतो, तिथे त्याला आधार देणारी एक नळी असते. तिला बुश म्हणतात. धातूचा असतो. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी वाळू फार. वाळूचं पाणी बुशात शिरतं, बुश झिजतो, शाफ्ट थरथरायला लागतो आणि बोट अर्ध्या सीझनमध्ये कुरकुरते.

सरांनी ठरवलं, आपण कॉम्पोझिटचा बुश करायचा. काचेचा धागा आणि रेझिन. लॅबमध्ये पिन घासून बघितली. झीज जवळजवळ नाहीच! आम्ही खूष. मामांनी आपल्या मेहुण्याला, प्रकाशला, पटवलं. त्याच्या बोटीला आमचा बुश बसला.

तीन महिन्यांनी दुपारी कॉलेजच्या फाटकात एक टेम्पो थांबला. मागे अख्खा शाफ्ट! प्रकाश खाली उतरला, शाफ्टकडे बोट करून ओरडला, "भावोजी, तुमचा बुश अमर हाय! माझा शाफ्ट मेला!"

बघितलं, तर पोलादी शाफ्टवर नखाने ओरखडावं तसे खोल चर पडलेले. काचेच्या धाग्यांची टोकं वर आली होती आणि त्यांनी करवतीसारखा शाफ्ट कापला होता. बुशाला काही झालं नव्हतं. मासेमारी भर जोरात असताना बोट मात्र धक्क्याला लागली होती.

आम्ही दर वेळी पिनेचं वजन केलं होतं. डिस्कचं एकदाही नाही! डिस्क पोलादाची, तिला काय होणार, असं तिघांनीही गृहीत धरलं होतं.

सरांनी काही सबब सांगितली नाही. प्रकाशसमोर हात जोडले आणि म्हणाले, "चूक आमची आहे." मामांनी सुट्टी टाकून त्याला शाफ्ट करून आणून दिला. तरी त्या वर्षी गणपतीत मेहुणा घरी आला, आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ले आणि मामांशी एक शब्द न बोलता परत गेला. मामा हे सांगताना हसत नाहीत. अजूनही नाही.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. शेऱ्याच्या करंगळीएवढ्या रकान्यात सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'बुश पास. आपण नापास.'

*

कोणालाही वाटलं असतं, आता हे लोक थांबतील. सर म्हणाले, "चूक कुठे झाली ते कळलं, आणि आता थांबायचं?"

शाफ्टला न कापणारा धागा हवा होता. सुती कापड घ्यायचं ठरलं. बाजारातून कोरं, जाड सुती कापड आणलं. थरावर थर, मध्ये रेझिन, थोडी ग्राफाइटची पूड, वरून दाब आणि उष्णता. कापून बघितलं, तर वडीचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटले! दुसऱ्यांदाही तेच. रेझिन कापडात शिरतच नव्हतं.

मामा कोपऱ्यात उभं राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, कोऱ्या कापडात खळ असते. पहिल्या धुण्यात लुंगी पाणी पण पीत नाय. दहा वर्षं धुतलेली घ्या, मग बघा!"

सर ताडकन उठले. "मामा, लुंगी आणा!"

दुसऱ्या दिवशी मामांची निळ्या चौकड्यांची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली लुंगी लॅबमध्ये आली. कातरीने तिचे तुकडे करताना मामांनी तोंड फिरवलं. पण रेझिन असं झरझर शिरलं की बघत राहावं! घासून बघितलं. पिनेचं वजन केलं आणि या वेळी डिस्कचंही. दोन्ही जिथल्या तिथे. डिस्क तर आणखी गुळगुळीत झाली होती.

मी रीतसर स्टोअरला मागणी पाठवली. 'जुन्या सुती लुंग्या, वापरलेल्या.' स्टोअरचा कागद परत आला, 'तीन कोटेशन जोडावीत.'

मामांनी तो कागद वाचला. म्हणाले, "त्यांना कळवा, माझ्याकडे तीनच होत्या. एक तुमी कापलीत, आता एक अंगावर हाय नि एक दोरीवर. कोटेशन कुठल्या लुंगीचं देऊ?"

*

याच सुमारास संस्थेने ठरवलं, आमच्या खोलीत एआय लॅब करायची. जुनं मशीन शेडमध्ये न्यायचं. शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. तिथे पहिल्याच पावसाळ्यात मशीन गंजून गेलं असतं आणि आमचं कामही.

पत्र आलं. सरांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मामांना म्हणाले, "लुंगीची पिन लावा. लांब अंतराची टेस्ट सुरू करा."

सोमवारी सकाळी संस्थेचे सेक्रेटरी चार हमाल घेऊन आले. मशीन घुर्रर्र चालू.

"सुर्वे, हे बंद करा. न्यायचंय."

"टेस्ट चालू आहे, साहेब. मध्येच थांबवली तर सगळं वाया जाईल."

"बरं, मग उद्या?"

"उद्याही चालू असेल."

मंगळवारी आले, मशीन चालू. गुरुवारी आले, चालू. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. सर, मी, मामा. वीज गेली तर असू दे म्हणून मामांनी कोणाकडून तरी जनरेटर आणून ठेवलेला. शलाका रोज डबे आणायची. हमाल बिचारे बाहेर जांभ्याच्या कट्ट्यावर बसून आमच्याकडचाच चहा प्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींचा संयम सुटला. "ही टेस्ट संपणार तरी कधी?"

"पिन झिजेपर्यंत."

"आणि पिन झिजणार कधी?"

सर अगदी दिलगीर चेहरा करून म्हणाले, "काय करू साहेब, मटेरियल चांगलं आहे!"

एआय लॅब वरच्या मजल्यावर झाली.

*

आणि आता सुनंदाताई.

चाळिशीच्या आतबाहेरच्या. खाडीकाठच्या वाडीतल्या. नवरा अचानक गेला आणि मागे एक बोट राहिली. दिराने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी सांगितलं, बाईमाणसाने बोट ठेवायची नसते, विकून टाक. ताईंनी बोट चालवणारा तांडेल तोच ठेवला, खलाशी तेच ठेवले आणि मासळीच्या लिलावाला स्वतः उभ्या राहायला लागल्या. पण दर सीझनला बुश दगा द्यायचा. आदल्या वर्षी तर त्यांची बोट दुसऱ्यांनी ओढून आणली होती आणि धक्क्यावर तो हसायचा विषय झाला होता.

त्या एकट्याच लॅबमध्ये आल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "तुमीच काय ते, प्रकाशचा शाफ्ट खाल्लेले?"

सर म्हणाले, "होय, आम्हीच."

"आणि तरी परत बुश करताय?"

"होय."

त्या आत आल्या, स्टूल ओढून बसल्या. "मग माझ्या बोटीला लावा."

मी म्हटलं, "ताई, विचार करा. परत काही झालं तर?"

"मॅडम, मला सगळे बोट विकून टाक बोलतात. त्यांना माझी काळजी नाय. त्यांना धक्क्यावरची माझी जागा दिसते. तुमाला पण बंद करा बोलतात, ऐकलंय मी. म्हणून तुमच्याकडे आले!"

कापड मात्र त्यांनी स्वतःच आणलं. नवऱ्याच्या दोन लुंग्या, घडी घातलेल्या. मामांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या. कातर चालवायला मामांचा हात होईना, तेव्हा ताईंनीच ती त्यांच्या हातातून घेतली आणि सरळ रेषेत कापड कापलं.

ऑगस्टमध्ये बुश बसला. धक्क्यावर बातमी पसरायला किती वेळ? ताईंचा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनीने बोटीला कापडाचा बुश लावलाय. पुढच्या वर्षी कागदाचं इंजिन बसवेल!" ताईंनी बोटीत बर्फ भरायला सांगितला. माझा मात्र जीव टांगणीला. वारा सुटला की मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि मनात बुश फिरत असायचा.

डिसेंबरात एक दिवस मामांचा फोन आला. ताईंची बोट सकाळी यायची ती दुपार झाली तरी आली नव्हती. मोबाइल लागत नव्हता. मी आणि सर धक्क्यावर पोचलो तेव्हा ताई एका उलट्या क्रेटवर बसल्या होत्या, नजर खाडीच्या तोंडाकडे. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. मला वाटलं, लोकांची बोटं आमच्याकडेच आहेत. पाच खलाशी, तांडेल, सगळे आमच्या एका नळीच्या भरवशावर पाण्यात होते. सर एकदाच हळूच म्हणाले, "अंजली, डिस्कचं वजन आपण किती वेळा केलं होतं?"

"प्रत्येक वेळी, सर."

"हं."

साडेतीनच्या सुमाराला मामा ओरडले, "आली!"

बोट येत होती. पण हळू, फारच हळू. ताई उठून उभ्या राहिल्या. जवळ आल्यावर दिसलं, बोटीच्या मागे दोर होता आणि दोराला दुसरी बोट. दिराची! त्याचा धातूचा बुश भर समुद्रात गेला होता. शाफ्ट थरथरून पाणी आत यायला लागलं होतं आणि ताईंच्या तांडेलाने त्यांना दोर टाकला होता.

दीर त्याच बोटीवर होता. धक्क्यावरचे सगळे बघत होते. मला वाटलं, आता ताई बोलतील. बारा महिन्यांचं सगळं बोलतील.

ताई पुढे झाल्या आणि आपल्या तांडेलाला हाक मारून म्हणाल्या, "दोर सोडू नको रे! पार धक्क्यापर्यंत आण. त्या बोटीत आपली माणसं हायत." मग दिराकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, चहा घेऊन जा."

सीझन संपला, बोटी वर ओढल्या, तेव्हा मामांनी बुश काढून मापला. झीज इतकी थोडी की त्यांनी तीनदा मापलं. शाफ्टमध्ये तर तोंड दिसत होतं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी ते घामात खपवलं. आता पेपर लिहायचा होता. त्यासाठी बुश कापून मायक्रोस्कोपखाली झिजलेल्या भागाचा फोटो घ्यायला हवा होता. आम्ही तिघं ताईंकडे गेलो.

"कापायला?" ताई म्हणाल्या. "चालतंय ते कापून काय बघणार?"

सरांनी समजावून सांगितलं. पेपर, फोटो, जगात कुठे कुठे लोक वाचतील.

"नाय," ताई म्हणाल्या. "यंदा पण तोच बसवा. आणि फोटो पायजे तर बोटीचा काढा. नवा रंग लावलाय."

पेपर फोटोशिवाय गेला. ऑक्टोबरात तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. काम आवडलं होतं, एकच अट होती. 'झिजलेल्या पृष्ठभागाचा फोटो जोडावा. नमुना उपलब्ध नसल्यास कारण कळवावे.'

मी म्हटलं, "सर, लॅबमधल्या पिनेचा फोटो टाकू या का? दिसायला सारखाच असेल. कोणाला कळणार आहे?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते वाक्य आजही परत घेते आहे. मग खुर्ची ओढली, खिडकीतून दूर खाडीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "अंजली, टाइप कर."

मी कीबोर्डवर हात ठेवले.

"नमुना उपलब्ध नाही. तो कामावर गेला आहे."